हवा माशाच्या पोटात हवी, बोटीखाली नको

लहान आउटबोर्ड बोटीवर फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर कुठे आणि कसा बसवावा, याचा आढावा

जूनच्या सुरुवातीला कोकणकिनाऱ्यावरच्या होड्या वाळूवर ओढल्या जातात, झावळ्या आणि ताडपत्री घालून शाकारल्या जातात. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात जाळी विणायची, इंजिन उघडून साफ करायचे, फायबरला पडलेल्या चिरा बुजवायच्या, हा जुना शिरस्ता. त्यात आता आणखी एका कामाची भर पडली आहे. पूर्वी मोठ्या ट्रॉलरच्या केबिनमध्येच दिसणारा फिशफाइंडर आता दहा अश्वशक्तीच्या आतल्या आउटबोर्डवर चालणाऱ्या फायबर बोटीवरही येऊ लागला आहे, आणि तो बसवायला बोट कोरडी असतानाचे हेच दिवस सोयीचे.

यंत्र घेताना सगळी चर्चा पडद्याची होते. किती इंची, रंग कसे, जीपीएस आहे की नाही. त्याच खोक्यात लांब केबलच्या टोकाला मुठीत मावेल एवढा एक काळा ठोकळा असतो. तो ट्रान्सड्यूसर. पाण्याशी बोलतो आणि पाण्याचे ऐकतो तो हाच ठोकळा. पडदा त्याने ऐकलेले फक्त लिहून काढतो. तरीही हा ठोकळा कुठे लावायचा हा निर्णय बहुतेक वेळा शेवटच्या पाच मिनिटांत, हाती ड्रिल घेतल्यावर होतो. मग बोट वेग घेते आणि पडद्यावरचा तळ नाहीसा होतो. दोष यंत्राला दिला जातो, आणि यंत्र बिचारे कोपऱ्यात पडून राहते.

चुकीच्या जागी लावलेला महागडा संच योग्य जागी लावलेल्या साध्या संचापुढे आंधळा ठरतो, हे माझे ठाम मत आहे. त्यामागचे कारण एकच आहे: हवा. या लेखात बसवण्याच्या चार पद्धती, त्यांचे गुणदोष आणि त्यांवरचे वाद पाहायचे आहेत, ते हवेचाच धागा धरून.

वावापासून वीस मिलिसेकंदांपर्यंत

खोली मोजण्याची जुनी रीत म्हणजे दोरीला बांधलेले शिसे. दोन्ही हात पसरले की एक वाव. दोरी वर घेताना वाव मोजत जायचे. शिशाच्या बुडाला चरबी लावली की तळाची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येई, आणि खाली काय आहे हेही कळे. फिशफाइंडर हीच दोन कामे आवाजाने करतो.

त्याची मुळे स्फटिकात आहेत. १८८० मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवले की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्यावर विद्युतभार उमटतो. उलट, वीज दिली की स्फटिक थरथरतो, हेही लवकरच सिद्ध झाले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर हिमनगाची चाहूल आधी लागावी म्हणून प्रयत्नांना वेग आला, आणि १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडन यांनी पाण्यात आवाज सोडून हिमनगावरून परतलेला प्रतिध्वनी ऐकला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढताना पॉल लांजवँ यांनी क्वार्ट्झ कामाला लावला. मासेमारीसाठी व्यवहारात टिकेल असे यंत्र मात्र जपानमधल्या फुरुनो यांनी १९४८ मध्ये आणले. आजच्या ट्रान्सड्यूसरमध्ये क्वार्ट्झची जागा सिरॅमिकच्या चकतीने घेतली आहे, तत्त्व तेच आहे. चकती थरथरते, आवाज खाली जातो, तळावर आपटून परत येतो, चकती पुन्हा थरथरते आणि वीज देते.

समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. १५ मीटर, म्हणजे साधारण आठ वाव पाण्यात जाऊन-येऊन ३० मीटरचा प्रवास होतो. त्याला लागतात वीस मिलिसेकंद. हा एवढासा वेळ यंत्र मोजते आणि त्यावरून खोली काढते.

फिशफाइंडर खरे तर हवा शोधतो

पाणी आणि हवा यांची आवाजाला वाहून नेण्याची वृत्ती इतकी वेगळी आहे की दोघांच्या ध्वनिरोधात साडेतीन हजार पटींहून अधिक फरक पडतो. त्यामुळे पाण्यातून निघालेला आवाज हवेच्या थराला भिडला की जवळजवळ सगळाच माघारी फिरतो. माशाचे मांस आवाजाच्या दृष्टीने पाण्यासारखेच असते, म्हणून त्यातून परतणारा आवाज क्षीण असतो. माशाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीतला ९० टक्क्यांहून अधिक वाटा त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो.

ही पिशवी आपल्याकडच्या मच्छीमारांना चांगली ठाऊक आहे. पालघरपासून खाली घोळ माशाच्या पोटातल्या ज्या भोताला परदेशात मोठा भाव मिळतो, तीच ही पिशवी. बाजारात घोळीला किंमत आणणारा भोत पाण्यात असताना तिला पडद्यावर ठळक करतो. उलट सुरमईला भोत नसतो, मुशीला नसतो, बोंबलालाही नसतो. म्हणून अंगाने मोठी सुरमई पडद्यावर बारीक दिसू शकते, आणि भोत असलेला मध्यम मासा तिच्यापेक्षा मोठा वाटू शकतो. पडद्यावरच्या खुणेच्या आकारावरून माशाचे वजन सांगणाऱ्याने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखाली फेसाचा एक पातळ थर आला, तरी आवाज तिथूनच परत फिरतो, खाली जातच नाही. दहा मीटर खालच्या माशाच्या पोटातली चिमूटभर हवा जो दाखवतो, त्यालाच तोंडाशी आलेली हवा आंधळे करते. ट्रान्सड्यूसर बसवण्याची सगळी कला म्हणजे हवा माशाच्या बाजूला ठेवणे आणि बोटीच्या बाजूने हटवणे.

बोटीखाली हवा येते कुठून? नाळ पाणी कापते तेव्हा फेस होतो आणि तो तळाखालून मागे वाहतो. तळावर उभारलेल्या लांब पट्ट्या, खिळ्यांची डोकी, इंजिनाच्या पाण्याची तोंडे, फायबरची जुनी डागडुजी, हे सगळे फेस आणि भोवरे वाढवतात. मागे पंखा आहेच. शांत पाण्यात सावकाश चालताना यातले काही जाणवत नाही. वेग वाढला की सगळे एकदम जाणवते. म्हणूनच धक्क्याला बांधलेल्या बोटीवर चित्र उत्तम दिसले तरी ती परीक्षा पुरी झाली असे समजू नये.

चार जागा, चार स्वभाव

पहिली आणि सर्वांत रुळलेली जागा म्हणजे बोटीचा मागचा फळा, ज्यावर इंजिन लटकते. ब्रॅकेट स्क्रूने फळ्याला लावायचे, ट्रान्सड्यूसर तळाच्या पातळीला येईल असा बसवायचा. खर्च कमी, दुरुस्ती सोपी, तोंड थेट पाण्यात, पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर असेल तर तोही काम करतो. चांगल्या ब्रॅकेटला काही आपटले की ट्रान्सड्यूसर वर उचलला जातो, त्यामुळे ओंडका किंवा वाळूचा बांध लागला तरी तो मोडत नाही. दोष एवढाच की बोटीतली सर्वांत फेसाळ जागा मागेच असते, आणि त्यातली स्वच्छ पाण्याची पट्टी शोधावी लागते.

दुसरी जागा तळाच्या आत. फायबरचा तळ भरीव असेल तर आवाज त्यातून आरपार जाऊ शकतो. मग बाहेर काही लटकवायला नको, भोकही नको. तळाच्या आतल्या बाजूला इपॉक्सीने ठोकळा चिकटवायचा किंवा द्रव भरलेल्या छोट्या टाकीत बसवायचा. एअरमारच्या पी७९ सारख्या ट्रान्सड्यूसरसाठी विषारी नसलेले अँटिफ्रीझ वापरतात. तळाचा तिरकेपणा बावीस अंशांपर्यंत असला तरी हा ट्रान्सड्यूसर आतल्या आत फिरवून सरळ करता येतो. ऐकायला हे सगळ्यांत सोयीचे वाटते, पण अटी कडक आहेत. तळ लाकडाचा किंवा धातूचा असेल तर ही पद्धत चालत नाही. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड, फोम किंवा हलके लाकूड भरलेले असेल तरी चालत नाही, कारण त्यात हवा असते. हाताने मॅट घालून केलेल्या कोकणातल्या अनेक बोटींत रेझिन नीट न भिजलेल्या जागी हवेचे फुगे राहून जातात, आणि असा एक फुगाही वाट अडवतो. आवाजाची ताकद तळातून जाताना थोडी कमी होते, तापमान पाण्याचे नव्हे तर तळाचे दिसते, आणि ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर चालणारी छायाचित्रासारखी इमेजिंग पद्धत या मार्गाने नीट चालत नाही.

तिसरी पद्धत तळाला भोक पाडून ट्रान्सड्यूसर आरपार बसवण्याची. मोठ्या बोटींवर हीच सर्वांत विश्वासाची. मात्र इथे धातूचा हिशोब जपावा लागतो. ब्राँझचा ट्रान्सड्यूसर धातूच्या तळाला कधी लावत नाहीत, कारण खाऱ्या पाण्यात दोन धातू भिडले की गंज चढतो. प्लॅस्टिकचा ट्रान्सड्यूसर लाकडी तळाला लावत नाहीत, कारण लाकूड पाण्याने फुगते आणि प्लॅस्टिक तडकते. हे झाले कागदावरचे. आपल्या किनाऱ्यावर लहान बोट रोज वाळूवरून ओढली जाते, ओंडक्यांवरून सरकवली जाते. तळातून बाहेर आलेले काहीही तिथे टिकणार नाही, आणि तिथेच गळती सुरू होईल. रोज किनाऱ्यावर ओढल्या जाणाऱ्या बोटीसाठी हा पर्याय मी बाजूलाच ठेवीन.

चौथी जागा काठाला बांधलेली काठी. पाइपच्या खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर, वरच्या टोकाला काठावर पकड. लागेल तेव्हा पाण्यात, किनाऱ्याला लागताना वर. लाकडी होडीला हा पर्याय सगळ्यांत रास्त, कारण तिच्या तळातून आवाज जात नाही आणि तिला बऱ्याचदा इंजिन लटकवण्यासारखा मागचा फळाच नसतो. सिंधुदुर्गातल्या उलांडीच्या होडीवर काठी बांधताना उलांडीची बाजू आणि जाळे ओढण्याची जागा, दोन्ही टाळावी. काठीचा तोटा वेगात दिसतो. पाण्याचा रेटा काठीला मागे ढकलतो, ती थरथरते आणि चित्रही थरथरते. जाळे टाकण्याआधी सावकाश फेरी मारून पाणी तपासायला मात्र काठी उत्तम, आणि तीन-चार बोटींमध्ये एकच यंत्र वापरायचे असेल तर हाच एक मार्ग.

उजवी बाजू, तीन मिलिमीटर आणि कोन

फायबर बोटीला मागचा फळा निवडला, तर पुढचा प्रश्न नेमक्या जागेचा. एकाच इंजिनाच्या बहुतेक बोटींचा पंखा, मागून पाहिले तर, पुढे जाताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. म्हणजे नाळेकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजव्या हाताला पाती खाली जातात आणि डाव्या हाताला वर येतात. वर येणारी पाती फेसाळलेले पाणी तळाकडे ढकलतात. म्हणून उजवी बाजू स्वच्छ. आपला पंखा उलटा फिरत असेल, तर बाजूही उलटी.

पंख्यापासून किती दूर? अनेक उत्पादक साधारण ३८ सेंटीमीटर अंतर सांगतात. जवळ लावला तर दुहेरी नुकसान होते. पंख्याचा फेस चित्र बिघडवतो, आणि ट्रान्सड्यूसरमागे उठलेला भोवरा पंख्याला हवा पाजतो. मग इंजिनाचे आवर्तन वाढते, बोट मात्र पुढे सरकत नाही. फार लांबही नेऊ नये. बोट वळताना किंवा लाटेवर कलताना कडेचा भाग पाण्याबाहेर येतो. तळाच्या मध्यरेषेजवळ पण पंख्याला टाळून, आणि तळावरच्या कोणत्याही पट्टीच्या किंवा तोंडाच्या मागे न येणारी जागा हवी. जमिनीवर बोट असताना तळाकडे वाकून पाहा. पट्टी जिथे संपते, तिथून सरळ मागे रेघ ओढा. त्या रेघेवर ट्रान्सड्यूसर नको.

उंचीचा हिशोब मिलिमीटरांचा आहे. ट्रान्सड्यूसरचे तोंड फायबर बोटीच्या तळाच्या पातळीपेक्षा तीन मिलिमीटर खाली आणि ॲल्युमिनियम बोटीत दहा मिलिमीटर खाली ठेवावे, असे उत्पादक सांगतात. वर राहिले तर तळाची कड त्याला फेसात ठेवते. जास्त खाली गेले तर पाणी उडते, बोटीला ओढ बसते, आणि ब्रॅकेट मोडण्याची भीती वाढते.

मग कोन. बोट पाण्यात चालतानाच्या बैठकीत तोंड सरळ खाली हवे. इंजिनाच्या वजनाने मागचा भाग थोडा बसतो, नाळ वर येते, म्हणून जमिनीवर केलेले माप पाण्यात बदलते. पुढची कड मागच्या कडेपेक्षा किंचित वर राहिली तर पाणी तोंडाला घासून जाते आणि हवा अडकत नाही. पुढची कड खाली झुकली तर तोंडाखाली पोकळी तयार होते. तोंड बाजूला कलले, तर आवाज बोटीखाली न जाता शेजारी जातो. दहा अंशांचा कल १५ मीटर पाण्यात अडीच मीटरहून अधिक सरकतो, आणि ३० मीटरमध्ये पाच मीटरहून अधिक. आपण एका जागी जाळे टाकतो आणि यंत्र दुसरीच जागा दाखवते.

आवाजाच्या शंकूची व्याप्तीही येथेच समजून घ्यावी. वीस अंशांचा शंकू १५ मीटरवर साधारण सव्वापाच मीटर व्यासाचे वर्तुळ पाहतो, साठ अंशांचा सतरा मीटरचे. रुंद शंकू जास्त पाणी पाहतो, पण खडपाच्या कपारीत आणि तळाशी लागून असलेल्या माशांना तळातच मिसळून टाकतो. अरुंद शंकू बारकावे दाखवतो, पण वाट चुकली तर काहीच दाखवत नाही. कोकणातल्या उथळ पाण्यात, जिथे लहान बोटी फिरतात, २०० किलोहर्ट्झ पुरतो. ५० किलोहर्ट्झचा खरा उपयोग खूप खोल पाण्यात, कारण कमी कंपनांकाचा आवाज दूरवर टिकतो. त्याची लहर तीन सेंटीमीटर लांब असते आणि २०० किलोहर्ट्झची साडेसात मिलिमीटर. बारीक लहरीला बारीक गोष्टी दिसतात.

आधी पाण्याला विचारा

पहिले भोक पाडण्याआधी बोट पाण्यात न्या. एका फळीच्या टोकाला ट्रान्सड्यूसर तात्पुरता लावा, फळी मागच्या फळ्याला सी-क्लॅम्पने घट्ट आवळा आणि बोट चालवा. सावकाश, मग पूर्ण वेगात, मग दोन्ही बाजूंनी वळवून. जागा बदला, पुन्हा चालवा. पडद्यावर तळाची रेघ पूर्ण वेगातही तुटत नाही, ती जागा तुमची. दोन तास जातील, पण फळ्यात नको असलेली दोन भोके राहणार नाहीत.

आतून बसवणार असाल तर परीक्षा वेगळी. एका पातळ प्लॅस्टिक पिशवीत पाणी भरा, ट्रान्सड्यूसर त्यात ठेवा, तळावर पाणी ओतून पिशवी त्यावर दाबून बसवा, आणि तीच खोली बोटीबाहेर धरलेल्या ट्रान्सड्यूसरवर येते का ते पाहा. दोन-तीन जागा तपासा. चित्र सारखेच आले तर ती जागा भरीव आहे. क्षीण आले तर खाली हवा आहे, आणि कितीही इपॉक्सी ओतली तरी ती हटणार नाही.

मागच्या फळ्याचा गाभा बहुतेक फायबर बोटींत प्लायवूडचा असतो. प्रत्येक स्क्रूचे भोक म्हणजे पाण्याला आत जाण्याची वाट, आणि एकदा प्लायवूड कुजले की इंजिन पेलणारा फळाच जातो. म्हणून मला सर्वांत आवडलेली युक्ती म्हणजे जाड प्लॅस्टिकची एक पाटी. जाड पांढऱ्या एचडीपीईची पाटी, स्वयंपाकघरात भाजी चिरायला वापरतात त्या जातीची, फळ्यावर पाण्याच्या रेषेच्या वर दोन-तीन स्क्रूंनी कायमची बसवायची. तिचा खालचा भाग खाली लोंबतो, आणि ट्रान्सड्यूसर त्या पाटीला लावायचा. पुढे यंत्र बदलले, उंची बदलली, तर नवी भोके पाटीत पडतात, बोटीत नाही. एचडीपीईला इपॉक्सी नीट चिकटत नाही, म्हणून पाटी स्क्रूनेच धरावी लागते.

भोक पाडताना वरचा गुळगुळीत थर तडकू नये म्हणून त्या जागेवर चिकटपट्टी लावा, आधी बारीक ड्रिलने वाट करा, मग मोठ्याने. भोकाच्या तोंडाची कड थोडी खोलगट करा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्या, आणि भोकात आधी सागरी सीलंट भरून मगच स्क्रू आवळा. घरातले साधे सीलंट खाऱ्या पाण्याखाली आणि उन्हात फार दिवस टिकत नाही.

तार आणि बॅटरी

ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनाच्या तारांपासून आणि व्हीएचएफ रेडिओच्या तारेपासून दूर न्या. केबल जास्त लांब वाटली म्हणून कापू नका, ती गोल गुंडाळून आत ठेवा. कापून पुन्हा जोडलेल्या तारेत पाणी शिरते आणि आवाजाचे गणित बिघडते.

हाताने दोरी ओढून चालू होणाऱ्या लहान आउटबोर्डवर बॅटरी नसतेच. तिथे यूपीएसमध्ये असते तशी बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बंद बॅटरी पुरते. यंत्र अर्धा अँपिअर घेत असेल आणि बॅटरी अर्ध्याहून खाली उतरू द्यायची नसेल, तर साधारण सात तासांचे काम होते. तार थेट बॅटरीपासून आणा आणि बॅटरीच्या जवळ, पुस्तिकेत सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज बसवा. इंजिनाला स्टार्टर असेल आणि बॅटरी एकच असेल, तर इंजिन सुरू होताना व्होल्टेज खाली जाते आणि यंत्र बंद पडून पुन्हा चालू होते. यंत्र बिघडले असा त्याचा अर्थ नाही, बॅटरी वेगळी ठेवली की हे थांबते.

पडदा स्वतःच दोष सांगतो

बसवणी बरोबर झाली का, हे पडद्यावरच वाचता येते. सावकाश चालताना तळ दिसतो आणि वेग घेतला की नाहीसा होतो, तर दोष हवेचा. जागा बदला, एखादा मिलिमीटर खाली न्या, किंवा पुढची कड थोडी उचला. इंजिन बंद असताना चित्र स्वच्छ आणि सुरू झाले की पडदाभर ठिपके, तर दोष विजेचा. तारा वेगळ्या करा. पाण्याच्या वरच्या एक-दोन मीटरांतला गोंधळ बहुतेक सगळीकडे असतो, तो दोष मानू नये.

मासा कमानीसारखा का दिसतो, हेही इथेच कळते. बोट माशावरून जाते तेव्हा मासा शंकूच्या कडेने आत येतो, त्या वेळी तो तिरक्या अंतरावर, म्हणजे थोडा दूर असतो. मधोमध येतो तेव्हा जवळ, आणि बाहेर जाताना पुन्हा दूर. म्हणून कमान. बोट उभी असेल आणि मासा खाली स्थिर असेल, तर कमान नव्हे, सरळ रेघ दिसते. पण चालत्या बोटीवर कमानीचा अर्धाच भाग नेहमी दिसत असेल, तर ट्रान्सड्यूसर पुढे किंवा मागे कलला आहे.

तळाची रेघही बोलते. चिखलावरून परतलेला आवाज मऊ आणि पातळ, खडपावरून आलेला कडक आणि जाड. खडपावर पृष्ठभागावरून पुन्हा उसळून आलेला दुसरा प्रतिध्वनीही दुप्पट खोलीवर दिसतो. हीच ती शिशाच्या चरबीला चिकटलेली माती, आता रेघेत. खोली पडताळायची असेल तर दोरीला वजन बांधून एकदा मोजाच. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पातळीखाली जेवढा असेल, तेवढे अंतर यंत्रात भरून ठेवावे लागते, नाहीतर दिसणारी खोली तेवढीच कमी येते.

मासे पळतात का?

किनाऱ्यावर फिशफाइंडरबद्दल एक शंका नेहमी ऐकू येते: एवढा आवाज सोडला तर मासे पळणार नाहीत का? बहुतेक माशांना काही किलोहर्ट्झच्या वरचा आवाज ऐकूच येत नाही, आणि यंत्र त्याच्या कितीतरी वर चालते. अपवाद आहेत. अमेरिकन शॅडसारखे काही मासे उच्च कंपनांकाचा आवाज ओळखतात. पण आपल्या उथळ पाण्यात इंजिनाचा आवाज आणि बोटीची सावली मासे जास्त लवकर ओळखतात.

डॉल्फिनचे मात्र तसे नाही. दातवाल्या देवमाशांच्या या कुळातले बरेच प्राणी दीडशे किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकतात. म्हणजे ५० आणि ८३ किलोहर्ट्झ त्यांना स्पष्ट ऐकू येतात. तारकर्लीजवळ किंवा दापोलीच्या किनाऱ्यावर डॉल्फिन बोटीजवळ आले, तर यंत्र २०० किलोहर्ट्झवर नेणे किंवा थोडा वेळ बंद ठेवणे एवढे आपण करू शकतो. एक बटण दाबायचे आहे, आणि समुद्रावर आपल्याइतकाच त्यांचाही हक्क आहे.

आणखी एक मर्यादा. यंत्र बोटीखालचे पाणी दाखवते, समुद्रात कुठे जायचे ते नाही. त्यासाठी हैदराबादच्या इनकॉइसकडून प्रसिद्ध होणारी संभाव्य मत्स्यक्षेत्रांची माहिती आणि आपल्या तांडेलाचा अनुभव, दोन्ही हवेत.

देखभाल

ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शेवाळ आणि बार्नेकल बसले की आवाज पुन्हा अडतो, कारण त्यातही हवा अडकते. सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे. सुरीने खरवडू नका, एसीटोन लावू नका, प्लॅस्टिक खराब होते. तळाला अँटिफाउलिंग रंग देत असाल, तर ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर पाण्यात विरघळणारा, त्यासाठीच बनवलेला रंगच लावा. नेहमीच्या रंगातले द्रावक तोंड खातात. बोट वाळूवर ओढताना ब्रॅकेट वर उचलून बांधून ठेवा.

आढाव्याचा शेवट

चारही पद्धतींचा विचार करता कोकणातल्या लहान बोटीसाठी उत्तर बोटीच्या अंगावर अवलंबून आहे. फायबर बोटीला मागचा फळा, उजवी बाजू आणि त्यावर प्लॅस्टिकची पाटी. लाकडी आणि उलांडीच्या होडीला काठी. आतून बसवणे फक्त पिशवीच्या परीक्षेत तळ खरा उतरला तरच. आरपार भोक रोज ओढल्या न जाणाऱ्या मोठ्या बोटींसाठी. या सगळ्यात समान गोष्ट एकच: आधी बोट पाण्यात चालवून तपासा, मग ड्रिल हातात घ्या.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडून बोट पाण्यात घालताना ती पहिली फेरी या तपासणीला द्या. बंदरातून बाहेर पडल्यावर पूर्ण वेग द्या आणि पडद्याकडे पाहा. तळाची रेघ एकही जागा न सोडता सलग चालत असेल, तर बोटीखालची हवा हटली आहे. आता पडद्यावर जी हवा दिसेल, ती माशाच्या पोटातली.